मालवणचे आघारकर आणि अनोळखी बुरशीचं नाव

पुण्यात पत्ता शोधणाऱ्याची हमखास फसगत करणारी एक जागा आहे. लॉ कॉलेजच्या परिसरात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. रस्ता समाजसुधारक आगरकरांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. ‘ग’चा ‘घ’ आणि एक काना, एवढाच काय तो फरक. रिक्षावाल्यांचं सोडा, रोज त्या पाटीसमोरून जाणारे कितीतरी पुणेकर दोघांना एकच समजतात.

नावाची अशी गल्लत रस्त्यावर झाली तर दहा मिनिटं वाया जातात. तीच गल्लत रुग्णाच्या फुप्फुसातल्या किंवा डोळ्यातल्या बुरशीच्या बाबतीत झाली, तर औषध चुकतं. आज दुर्मीळ बुरशीचं नाव शोधायला डॉक्टर तिचा डीएनए वाचून घेतात. त्या वाचनाला अर्थ येतो तो मात्र कोणीतरी पूर्वी जमवून, वाळवून, नाव लावून जपलेल्या नमुन्यांमुळे. पुण्यात असे नमुने जपण्याचं एक मोठं घर आघारकरांच्या हातून उभं राहिलं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

आधी बुरशीचं पाहू. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत म्युकरमायकोसिसचं नाव पोचलं. लोकांनी तिला काळी बुरशी म्हटलं आणि तेच रूढ झालं. खरं तर ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. काळा रंग त्या मेलेल्या भागाचा. ही बुरशी मातीत, कुजक्या फळांत, शिळ्या भाकरीवर, आपल्या भोवताली सगळीकडे असते आणि धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाही. मधुमेह हाताबाहेर गेला, स्टेरॉइड जास्त झाली, कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटल्या, अवयवरोपण झालं की तिला दार उघडं मिळतं. अशा बुरशींना संधिसाधू म्हणतात. राजकारणातल्या संधिसाधूंना निदान नाव तरी असतं. इथे पुष्कळदा नावापासूनच अडचण सुरू होते.

कारण औषध नावावर ठरतं. म्युकरच्या कुळातल्या बुरशीवर अँफोटेरिसिन बी चालतं, व्होरिकोनाझोल चालत नाही. ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल हे पहिल्या पसंतीचं औषध. पण त्याच ॲस्परजिलसच्या टेरियस नावाच्या जातीला अँफोटेरिसिन दाद देत नाही. स्केडोस्पोरियमचंही तसंच. लोमेंटोस्पोरा प्रोलिफिकन्स ही तर हाताशी असलेल्या जवळपास सगळ्या औषधांना पुरून उरते. सूक्ष्मदर्शकाखाली म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, आडव्या भिंती फारशा नसलेले दिसतात. ॲस्परजिलसचे बारीक, पेरं पडलेले आणि लघुकोनात फुटलेले दिसतात. एवढं अनुभवी डोळ्याला कळतं. पण स्केडोस्पोरियम आणि फ्युझेरियम यांचे तंतू ऊतीत ॲस्परजिलससारखेच दिसतात. मग प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बीजाणू येण्याची वाट पाहायची, आठवडा, दोन आठवडे. काही बुरशी तेवढं करूनही बीजाणू धरत नाहीत. बशीत पांढरा कापूस वाढतो आणि अहवालात लिहिलं जातं, बुरशी वाढली, ओळख पटली नाही.

या ठिकाणी डीएनए कामाला येतो. बुरशीच्या पेशीत रायबोसोमच्या जनुकांच्या मध्ये आयटीएस नावाचा तुकडा असतो. सर्वसाधारणपणे पाचशे ते सातशे अक्षरांचा. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुकं जवळपास सगळ्या बुरशींत सारखी असल्यामुळे एकाच चिमट्याने कुठल्याही बुरशीचा हा तुकडा पकडून त्याच्या प्रती काढता येतात. मधला मजकूर मात्र जातीगणिक बदलतो. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी हा चिमटा, म्हणजे प्रायमर, तयार करून दिला. २०१२ मध्ये बुरशीचा बारकोड म्हणून याच तुकड्याची शिफारस झाली. यंत्र अक्षरं वाचून देतं. त्यानंतर ती अक्षरं आधी नोंदवलेल्या बुरशींच्या अक्षरांशी ताडून पाहायची. जिच्याशी जुळतील तिचं नाव.

सगळी मेख त्या ताडून पाहण्यात आहे. आणि आघारकरांचं आयुष्य म्हणजे ताडून पाहण्याचं आयुष्य.

१८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी महाविद्यालयातल्या शिक्षकाकडून संशोधनाची अपेक्षा कोणी करत नसे. पुस्तक इंग्लंडचं, त्यातली झाडं आणि प्राणीही तिकडचेच. आघारकर मात्र सह्याद्रीत हिंडत. तिथे, १९११च्या सुमारास, नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना एक पारदर्शक, घंटेच्या आकाराचा इवलासा जीव दिसला. ते जेलीफिश होतं.

कोकणातल्या माणसाला जेलीफिशचं काय कौतुक? मालवणच्या किनाऱ्यावर ती पायाखाली येतात. पण ती समुद्राची. घाटावरच्या गोड्या नदीत जेलीफिश म्हणजे उसाच्या फडात खेकड्याऐवजी कोळंबी सापडण्यासारखं. या गोड्या पाण्यातल्या कुळाचे भाऊबंद तोवर आफ्रिकेत, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी माहीत होते. भारतात त्याची नोंद नव्हती. हा प्राणी नवा आहे हे ठरवायचं तर तो त्या आफ्रिकी प्राण्याशेजारी ठेवून पाहायला हवा, आणि तसं पाहू शकणारी माणसं आणि संग्रह कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते. तिथल्या नेल्सन ॲनंडेल यांनी तो वेगळा असल्याचं ठरवलं आणि त्याचं नाव लिम्नोक्निडा इंडिका ठेवलं. आघारकरांनी पुढे स्वतःही त्याच्यावर अधिक टिपणं प्रसिद्ध केली. पंचविशीतल्या मराठी शिक्षकाचं नाव त्यामुळे देशाबाहेर पोचलं.

या गोष्टीतून त्यांना काय उमगलं असेल याचा अंदाज त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून बांधता येतो. नदीत जीव सापडणं हा अर्धा शोध. तो कोण, हे सांगायला शेजारी ठेवायला दुसरा नमुना लागतो. आणि तो नमुना तेव्हा पुण्यात नव्हता, मुंबईत नव्हता, कोलकात्यात होता.

कोलकात्यातच ते गेले. आशुतोष मुखर्जींनी तिथल्या विद्यापीठात विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण उभं करायला घेतलं होतं. वकील रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दहा लाख रुपये दिले आणि त्यातून काही प्राध्यापकपदं निर्माण झाली. वनस्पतिशास्त्राचं घोष प्राध्यापकपद आघारकरांना मिळालं. भौतिकशास्त्राचं देबेंद्रमोहन बसूंना. या पदांवरच्या माणसांनी आधी परदेशी जाऊन शिकून यावं अशी सोय होती. दोघेही १९१४ मध्ये जर्मनीला गेले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ते जर्मनीच्या लेखी शत्रुपक्षाचे ठरले. आघारकर तिथे अडकून पडले. आपल्या नसलेल्या राजाच्या युद्धापायी तिसऱ्याच देशात अडकायचं, हा त्या पिढीच्या वाट्याला आलेला एक विचित्र भोग.

पण ते जिथे अडकले ते बर्लिन वनस्पतींच्या वर्गीकरणाची पंढरी होतं. ॲडॉल्फ एंग्लर डाहलेमच्या वनस्पतिउद्यानाचे संचालक होते आणि तिथला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी होता. आघारकरांनी वायव्य भारतातल्या कोरड्या मुलखातली झाडं विषय म्हणून घेतली. या काटेरी, खारट जमिनीत तग धरणाऱ्या वनस्पती मूळच्या कुठल्या, त्यांची बी कशाच्या आधारे पसरली, वाऱ्याने की प्राण्यांच्या अंगाला चिकटून, असा तो अभ्यास. झाडं राजस्थान-सिंधकडची, अभ्यासक मालवणचा आणि बसून काम करायचं ते बर्लिनमध्ये. हे जमू शकलं ते कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांमुळे. १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्या संग्रहाचं पुढे काय झालं तेही इथे सांगायला हवं. १९४३च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात डाहलेमचा वनस्पतिसंग्रह जवळपास सगळा जळाला. ज्या मूळ नमुन्यावरून एखाद्या जातीला नाव दिलं जातं, असे असंख्य नमुने त्यात गेले. नाव पुस्तकात राहिलं, पण ज्याचं नाव ते वस्तूरूपाने उरलं नाही. वर्गीकरणाचं काम करणाऱ्यांना त्या आगीची झळ अजून लागते.

जर्मनीहून परतल्यावर आघारकरांनी कोलकात्यात १९४६ पर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. या काळात नेपाळसारख्या तेव्हा बाहेरच्यांना सहज शिरकाव नसलेल्या प्रदेशातूनही त्यांनी वनस्पती जमवल्या. विद्यार्थी घडवले, शास्त्रज्ञांच्या संघटनांचा कारभार पाहिला. प्रशासनाचं हे काम इतिहासात फारसं दिसत नाही आणि मी त्यात फार रेंगाळणार नाही. त्यांच्या नावावर एखादा झगझगीत सिद्धांत नाही, हे मान्य करायला हवं. रामन त्याच शहरात होते, त्याच काळात नोबेल मिळवत होते. पण रामन ज्या जागी रात्रीबेरात्री प्रयोग करत, ती जागा मात्र आघारकरांच्या मनात घर करून राहिली असावी.

ती जागा म्हणजे इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकार या डॉक्टरने लोकवर्गणीतून ती काढली. सरकारी नाही, विद्यापीठाची नाही. हिशेब खात्यातला एक तरुण अधिकारी १९०७ पासून कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे येऊन काम करू लागला आणि पुढे तिथल्याच कामावर त्याला नोबेल मिळालं, तो तरुण म्हणजे रामन. महाराष्ट्रात असं काही नव्हतं. निवृत्त होऊन १९४६ मध्ये आघारकर पुण्यात आले आणि समविचारी मंडळींसह त्यांनी महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, स्थापन केली. नावच सांगतं की नमुना कुठला होता. तेव्हा पुणे विद्यापीठ व्हायचं होतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू व्हायला चार वर्षं होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं पिंपरीला नावही नव्हतं. बासष्टीच्या घरातला हा माणूस स्वतःची इमारत नसलेली संशोधन संस्था चालवायला बसला आणि शेवटपर्यंत तिचा संचालक राहिला.

आघारकर स्वतः बुरशीचे तज्ज्ञ नव्हते. त्यांनी उभारलेल्या घरात बुरशीचं दालन आलं ते एम. एन. कामत यांच्यामुळे. पिकांच्या रोगांवर काम केलेल्या कामतांनी तिथे कवकशास्त्राचा विभाग वाढवला. त्याआधीच्या पिढीतले एस. एल. आजरेकर हे पश्चिम भारतातल्या बुरशी-अभ्यासाचे आद्य मराठी अभ्यासक. ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो, त्या रोगामागची बुरशी त्यांनी अभ्यासली होती. संस्थेतल्या वाळवलेल्या बुरशींच्या संग्रहाला आजरेकरांचंच नाव आहे. त्यात दगडफुलंही आहेत. हो, गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. या दगडफुलांचा माग पी. जी. पटवर्धनांनी सह्याद्रीभर काढला. १९७१ मध्ये कामत, पटवर्धन, राव आणि साठे यांनी महाराष्ट्रातल्या बुरशींची सूची छापली.

या संग्रहातली वस्तू दिसायला अगदी साधी. घडी घातलेलं कागदी पाकीट, आत डाग पडलेलं वाळकं पान किंवा सालीचा तुकडा. पाकिटावर बुरशीचं नाव, ती कोणत्या झाडावर मिळाली, गाव, तारीख, कोणी आणली, कोणी ओळखली. आंबा, जांभूळ, ऊस, ज्वारी, करंज. रुग्णालयाशी याचा संबंध असेल असं त्या वेळी कुणाला वाटलंही नसेल. त्याच्या जोडीला आता याच संस्थेत जिवंत बुरशींची राष्ट्रीय पेढी आहे, नॅशनल फंगल कल्चर कलेक्शन ऑफ इंडिया. तिथे हजारो वाण नळ्यांत, तेलाखाली किंवा गोठवून सुकवून ठेवलेले आहेत आणि आलेल्या बुरशीची डीएनए वाचून ओळखही करून दिली जाते.

वनस्पतीच्या बुरशीचा माणसाशी काय संबंध, याचं उत्तर २०२३ मध्ये कोलकात्यातूनच मिळालं. आघारकरांनी जिथे पाव शतक शिकवलं त्याच शहरातला, वयाने एकसष्ट, वनस्पतींवरच्या बुरशींवर काम करणारा एक अभ्यासक आवाज बसला, खोकला, गिळायला त्रास अशी तक्रार घेऊन रुग्णालयात गेला. तीन महिने हे चाललं होतं. मधुमेह नाही, एचआयव्ही नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नाहीत. स्कॅनमध्ये श्वासनलिकेशेजारी पू साठलेला दिसला. तो काढला. त्यात बुरशीचे तंतू होते, पण नेहमीच्या पद्धतीने नाव लागेना. नमुना चंडीगडच्या पीजीआयकडे गेला, डीएनए वाचला गेला आणि उत्तर आलं, कोंड्रोस्टेरियम पर्पुरियम. गुलाबाच्या कुळातल्या झाडांची पानं रुपेरी करणारी, लाकूड कुजवणारी बुरशी. माणसात ती कधी पाहिली गेली नव्हती. दोन महिने बुरशीविरोधी औषध घेऊन रुग्ण बरा झाला.

ही बुरशी त्या यादीत नाव लावून आधीपासून नोंदलेली होती, म्हणून अक्षरं जुळली. ती कोणी नोंदवली? रुग्णालयांनी नव्हे. झाडांमागे हिंडणाऱ्यांनी.

आपल्या शेतशिवारातलंही उदाहरण घ्या. आल्याची कंदकूज सातारच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. गादीवाफ्यावर रोपं कोलमडतात तीही ओळखीची. यामागे बहुधा पिथियम असतो. याच पिथियमची इन्सिडिओसम नावाची एक जात माणसाच्या डोळ्यात बुबुळावर जखम करते. साचलेलं पाणी, चिखल किंवा काडीकचरा डोळ्यात गेल्याचं निमित्त होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती हुबेहूब बुरशीसारखी दिसते आणि बुरशीचे थेंब सुरू होतात. पण पिथियम ही बुरशीच नाही. तिचं नातं शेवाळांच्या बाजूचं. बुरशीची बहुतेक औषधं बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलवर नेम धरतात आणि ते हिच्याकडे जवळपास नसतंच. थेंब घालत राहावं आणि बुबुळ विरघळत जावं, असं होतं. डीएनए वाचून पिथियम कळलं, तर डॉक्टर लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन या जिवाणूंवरच्या औषधांकडे वळतात. नाव बदललं की हातातली बाटली बदलते, ती अशी.

यंत्रावर आंधळा विश्वास टाकायचीही सोय नाही. कँडिडा ऑरिस ही अतिदक्षता विभागांना छळणारी बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून सापडली आणि वेगळी म्हणून ओळखली गेली. पण त्यानंतरही कित्येक प्रयोगशाळांतली स्वयंचलित यंत्रं तिला कँडिडा हिमुलोनी म्हणत राहिली. कारण सरळ आहे. यंत्राच्या यादीत ऑरिसचं नावच नव्हतं, म्हणून ते जवळचं नाव छापून मोकळं व्हायचं. डीएनए वाचल्यावर खरी ओळख पटली, आणि मग फ्लुकोनाझोल का चालत नाही याचाही उलगडा झाला.

डीएनएच्या जागतिक यादीतही घाण आहे. २००६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी सार्वजनिक डीएनए-पेढीतल्या बुरशींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वीस टक्क्यांपर्यंत नोंदींची नावं भरवशाची नसावीत असं दिसलं. कोणीतरी घाईत ओळख केली, अक्षरं पेढीत टाकली, नमुना फेकून दिला. पुढचा माणूस त्याच्याशी ताडून आपल्याही बुरशीला तेच नाव देतो आणि चूक वाढत जाते. अशा वेळी मागे जाऊन पाकीट उघडून पाहण्याला पर्याय नसतो. पाकीट असेल तर. मला विचाराल तर आपल्याकडे क्रमवाचनाची यंत्रं घ्यायला पैसे चटकन मंजूर होतात, आणि पाकिटं सांभाळणारा, बीजाणू पाहून बुरशी ओळखणारा माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरायला वर्षं लागतात. आघारकरांनी संस्था काढली तेव्हा पैसे कमी होते, पण प्राधान्य उलटं होतं.

काही बुरशींना आयटीएसही पुरत नाही. ॲस्परजिलस आणि फ्युझेरियम यांच्या जवळजवळच्या जाती वेगळ्या करायला आणखी एक-दोन जनुकं वाचावी लागतात. शिवाय हवेत बुरशीचे बीजाणू सतत असतात. थुंकीत एखाद्या बुरशीचा डीएनए सापडला म्हणजे तीच आजाराला कारण, असं नाही. ऊतीत शिरलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले पाहिजेत, स्कॅन आणि लक्षणं त्याच्याशी जुळली पाहिजेत. चांगला डॉक्टर हे तिन्ही एकत्र ठेवून मगच बोलतो. साध्या गजकर्णाला आणि नायट्याला ही तपासणी सरसकट लागत नाही. पण नेमून दिलेलं टर्बिनाफिन पुरते दिवस घेऊनही तो हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ तिचा विचार करू शकतात. त्यामागची एक औषधाला न जुमानणारी जात २०२० मध्ये डीएनएवरूनच वेगळी काढली गेली, आणि तिच्या नावातच भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातात यातली एक गोष्ट असते, आणि ती फार साधी आहे. बायोप्सीचा तुकडा काढला की तो सहसा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, म्हणजे ती वाढवून पाहता येत नाही. डीएनएचेही तुकडे पडतात आणि वाचन अवघड होतं. बुरशीचा संशय असेल तर तुकड्याचा काही भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवून सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तेवढं विचारून ठेवावं. मधुमेह, स्टेरॉइड किंवा किमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा चेहरा एका बाजूने दुखू लागला, नाकातून काळसर स्राव आला, प्रतिजैविकं चालू असूनही ताप उतरेना, तर घरी थांबून वाट पाहू नये. म्युकरसारख्या बुरशीत एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

आणि वाढलेली अनोळखी बुरशी अहवाल लिहून झाल्यावर कचऱ्यात जाऊ नये, एवढं प्रयोगशाळांनी करावं. तिची एक नळी पेढीत गेली की तिला क्रमांक मिळतो, आणि पुढच्या रुग्णाची अक्षरं तिच्याशी ताडता येतात.

आघारकर २ सप्टेंबर १९६० रोजी गेले. डीएनएची रचना उलगडून तेव्हा सात वर्षं झाली होती. तो वाचायची सॅंगरची पद्धत यायला अजून सतरा वर्षं होती. त्यांच्या पश्चात विज्ञानवर्धिनी वाढत गेली आणि १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. घाटावरच्या नदीत त्यांना दिसलेलं ते जेलीफिश लिम्नोक्निडा इंडिका याच नावाने आजही शास्त्रीय साहित्यात आहे.